रंगवाल्याला बोलावण्याआधी माळ्यावरची पेटी उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेडणे तालुक्यात आमच्या वाड्यावर गेल्या दोन वर्षांत चार जुनी घरं विकायला निघालीयत आणि चारही घरांनी सगळ्यात पहिलं काम एकच केलं, रंगवाल्याला बोलावलं. आम्हीपण तेच केलं होतं आणि त्यात आमची तीन वर्षं गेली, पैसे गेले आणि एका चुलत भावाशी बोलणं जवळजवळ तुटलं, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल पण छापा, कारण आमच्यासारखी कुटुंबं गोव्यात गावागावात आहेत.

आई २०१९ ला गेली. आम्ही चार भावंडं, मी फोंड्याला दिलेली, दादा म्हापशाला फ्लॅटमध्ये, धाकटा गल्फमध्ये, बहीण पुण्याला. घर वर्षाचे अकरा महिने बंद आणि चवथीला उघडायचं, झाडलोट करायची, माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट बांधायची, पाच दिवस गणपती आणि मग परत कुलूप. बंद घराचं काय होतं ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात एक कौल सरकलं तरी चार महिने पाणी आत, वाशांना वाळवी, भिंतीला बुरशी, कपाटातल्या साड्यांवरसुद्धा पांढरा थर. २०२१ च्या चवथीला आम्ही चौघं सोप्यावर बसलो आणि ठरवलं की घर पडून जाण्यापेक्षा कोणीतरी राहणाऱ्याला देऊया. हे ठरवताना कोणीच नीट बोलू शकत नव्हतं, बहीण तर उठून बांयकडे, म्हणजे विहिरीकडे, जाऊन उभी राहिली.

आता तयारी. आम्हाला वाटलं गिऱ्हाईक येणार तर घर चकचकीत दिसायला पाहिजे. २०२२ च्या मे महिन्यात माणसं लावली, जुना चुना खरवडला, सिमेंटचं प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक पेंट. पुढच्या खोलीतली लाल कोब्याची जमीन फोडून व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या. मेस्त (गवंडी) म्हातारा होता, तो एकदा म्हणाला की बाय, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला हे चालणार नाही, पण आम्ही घाईत होतो. जुलैत बंगळुरूचं एक जोडपं घर बघायला आलं, दोन आठवडे सतत पाऊस होता, त्या बाईने सहज भिंतीला हात लावला आणि पापडासारखा रंगाचा पापुद्रा तिच्या हातात आला. आत सगळी ओल. चिरा पाणी शोषतो आणि हळूहळू सोडतो, आमच्या भिंती चिखलमातीत बांधलेल्या आणि वर चुन्याचा गिलावा, म्हणजे ओल आली तरी सुकायला वाट होती. आम्ही ती वाट सिमेंट आणि प्लास्टिकने बंद केली, मग ओल आतच कोंडली आणि रंग फुगून बाहेर आला. आणि टाइल्स बघून तो नवरा म्हणाला, अहो जुनी लाल जमीन कुठेय, फोटोत तर होती. तीच बघायला आलो होतो म्हणाला. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं, त्या जमिनीवर आम्ही चौघं रांगलो होतो आणि घर विकण्यासाठी आम्हीच ती फोडली.

पण खरं सांगायचं तर भिंत हा लहान भाग होता. त्यांना घर तरीही आवडलं होतं. त्यांनी वकील लावला आणि वकिलाने पहिला कागद मागितला तो फॉर्म एक-चौदा, म्हणजे सातबारासारखा गोव्यातला जमिनीचा उतारा. आम्ही तो काढलाच नव्हता! ऑनलाइन मिळतो, घरबसल्या निघतो, पण आम्हा चौघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं, सगळं डोकं रंगात. काढला तर कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचं नाव. आजोबा १९७८ साली गेले. सत्तरच्या दशकात सर्व्हे झाला तेव्हा त्यांचं नाव लागलं आणि त्यानंतर कोणी म्युटेशनच, म्हणजे वारसांची नावं लावायचं कामच, केलं नाही. घरपट्टी बाबांच्या नावावर, लाईट बिल काकांच्या नावावर, पाण्याचं बिल आईच्या, आणि ही सगळी माणसं गेलेली. आम्ही समजत होतो घरपट्टीची पावती आहे म्हणजे घर आपलं. वकील म्हणाले घरपट्टी भरली म्हणून मालकी होत नाही, आणि एक-चौदावर नाव आहे म्हणूनही मालकी सिद्ध होत नाही, तो जमिनीचा रेकॉर्ड आहे, मालकीचा कागद वेगळा लागतो.

मग वारस मोजायला बसलो. आजोबांना तीन मुलं, बाबा, मुंबईला गेलेले काका आणि सावंतवाडीला दिलेली आत्या. आमच्या गोव्यात अजून पोर्तुगीज काळातला १८६७ चा सिव्हिल कोड चालतो, त्यात नवराबायकोची मालमत्ता लग्नाबरोबर एकत्र होते, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे विकताना नुसती मुलांची सही पुरत नाही, सुना आणि जावई यांचीही लागते. लग्न गोव्याबाहेर झालं असेल तर थोडा फरक पडू शकतो पण आमचे वकील म्हणाले की वाद नको, सगळ्यांच्या घ्या. आम्ही चार भावंडं आणि जोडीदार म्हणजे आठ, काकी आणि तिचे दोन मुलगे, दोन सुना म्हणजे पाच, आत्याची मुलगी, जावई आणि अविवाहित मुलगा तीन. सोळा सह्या. आम्ही मात्र चौघांनी सोप्यावर बसून घर विकायचं ठरवलं होतं, बाकी बाराजणांना काहीच माहीत नाही.

इथेच ते रंगाचं प्रकरण अंगाशी आलं. डोंबिवलीच्या चुलत भावाला गावातल्या कोणीतरी आधीच कळवलं होतं की तुमच्या घराला रंग मारला, दलाल येतायत. मी फोन केला तर तो म्हणाला, आम्हाला न विचारता घर सजवलंत म्हणजे आम्हाला न विचारता विकणार होतात. मला उत्तरच नव्हतं. आमच्या मनात पाप नव्हतं पण त्याच्या जागी मी असते तर मीपण असंच समजले असते. तो अडून बसला आणि शेवटी कोर्टात इन्व्हेंटरी घालावी लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळे वारस एकमताने असतील तर सब-रजिस्ट्रार कचेरीत स्पेशल नोटरीसमोर सक्सेशन डीड होतं, त्यात कोण वारस ते ठरतं आणि मग सगळ्यांनी मिळून विक्री करता येते. एकमत नसेल तर इन्व्हेंटरी. गेलेल्या माणसाच्या मालमत्तेची यादी, वारसांची यादी कोर्टात द्यायची, सगळ्यांना नोटिसा जातात आणि मग वाटणी. वाटणी पटली नाही तर वारसांमध्येच बोली लागते, जो जास्त बोलेल त्याला ती वस्तू आणि बाकीच्यांना हिश्शाचे पैसे त्याने द्यायचे. २०१२ चा वारसा कायदा, जो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला, त्यात हे सगळं आलंय. आमचं बोलीपर्यंत गेलं नाही. दुसऱ्या की तिसऱ्या तारखेला चुलत भाऊ स्वतः आला, कोर्टाच्या बाहेर चहा प्यायलो, त्याने काकांचं बालपण याच घरात गेलं वगैरे काढलं आणि दोघंही रडलो. त्याला पैशाचं नव्हतंच, त्याला विचारलं नाही एवढंच होतं. मग समजुतीने वाटणी झाली. पण नोटिसा पोचणं, पुण्याचा पत्ता चुकणं, गल्फमधल्या भावाची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, ह्यात दोन वर्षं गेली ती गेलीच आणि ते बंगळुरूचं जोडपं कधीच दुसरं घर घेऊन मोकळं झालं.

एक गोष्ट बायकांसाठी. गोव्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे आणि तो आजचा नाही, बाकी देशात हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला पण आपल्याकडे मुलीचा सारखा हिस्सा पोर्तुगीज काळापासून आहे. तरी घर विकायचं झालं की पहिला कागद बहिणींपुढे येतो, हक्क सोडल्याचा. मलाही एका नातेवाईकाने सांगितलं की तू सुखी आहेस, सही कर, काम सोपं होईल. मी आणि बहिणीने नाही केली, आणि आमच्या दादाने एकदाही मागितली नाही हे मी इथे मुद्दाम लिहिते. ज्या बहिणीला सोडायचं असेल तिने जरूर सोडावं, पण कागदात काय लिहिलंय ते आधी स्वतः वाचून, चवथीच्या गडबडीत स्वयंपाकघरातून ओल्या हाताने येऊन नव्हे.

आता पेटीची गोष्ट. रंगाच्या वेळी माळा रिकामा केला होता, त्यात एक पत्र्याची पेटी, आत पिवळे पडलेले कागद, कसर लागलेले, पोर्तुगीजमध्ये. कोणाला वाचता येत नाही. भाच्याने पालापाचोळ्याबरोबर जाळायला काढले होते, अंगणात ढीग करून काडी लावायचीच बाकी होती. आमच्या शेजारच्या आजोबांनी, ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले, एक कागद उचलून वाचला आणि ओरडले की हे जाळू नका. त्यात जुन्या लँड रजिस्ट्रेशनचा डिस्क्रिप्शन नंबर होता, मात्रिझ म्हणजे जुन्या करनोंदणीचा नंबर होता, आणि चतुःसीमा, पूर्वेला कोणाचं भाट (बागायत), पश्चिमेला व्हाळ (ओढा), सगळं. तेव्हा आम्ही नुसता बाजूला ठेवला, किंमत नंतर कळली. वकिलाने टायटल सर्च, म्हणजे मालकीचा शोध, केला तो ह्या एका कागदावरून सुरू झाला, त्या नंबरावरून रजिस्टरमधली जुनी नोंद सापडली, तिचा भाषांतर करून उतारा घेतला आणि पणजोबांपासून साखळी जुळली. तो जळला असता तर नोंद शोधायला कुठून सुरुवात करायची हेसुद्धा कळलं नसतं. म्हणून हात जोडून सांगते, माळा साफ करताना एकही कागद, पावती, जुना नकाशा, लग्नाचा दाखला, काहीही टाकू नका, आधी कोणा जाणकाराला दाखवा. पोर्तुगीज वाचणारी माणसं आता गावात कमीच राहिलीयत.

मुंडकाराबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणाऱ्याबद्दल, पण लिहायलाच पाहिजे. आमच्या घरामागे भाटात एक मातीचं घर आहे, तिथे एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या सासूपासून ते कुटुंब तिथेच. एक-चौदावर इतर हक्कांच्या रकान्यात त्यांच्या सासऱ्याचं नाव मुंडकार म्हणून आहे. एक दलाल मला म्हणाला बाई, त्यांना दोन लाख द्या, कागदावर अंगठा घ्या, जागा मोकळी करा, मोकळ्या जागेला भाव जास्त. मी त्याला परत घरात घेतला नाही. ज्या बाईने माझ्या आईच्या बाळंतपणात रात्री जागवल्या तिला काढून मी माझं घर 'तयार' करू? आणि माणुसकी बाजूला ठेवली तरी कायदाच तसा नाही, १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, मुंडकाराला असं हाकलता येत नाही, उलट मुंडकाराला आपलं घर आणि भोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क आहे, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, शहरात २००. आम्ही ठरवलं की आपली विक्री होण्याआधी आजींचं नावावर करून द्यायचं. मामलेदार कचेरीत आम्ही त्यांच्याबरोबर गेलो, आम्ही हरकत नाही असं लिहून दिलं, मोजणी झाली, वाट ठरली. वेळ लागला, हो, बराच लागला. पण ज्यांनी शेवटी घर घेतलं त्यांच्या वकिलाने सगळ्यात जास्त समाधान ह्याच गोष्टीवर दाखवलं, कारण हद्द स्पष्ट, वाट स्पष्ट, उद्याचं भांडण नाही. आजी आता त्यांच्या नावाची घरपट्टी स्वतः भरतात.

आणि देवाचं. हे कोणी लिहीत नाही पण आपल्या लोकांच्या मनात हेच असतं. देवघरातले देव दादाकडे गेले, भटजींना विचारून, मुहूर्त काढून. गणपती कुठे पुजायचा यावर सगळं कुटुंब बसलं आणि तोपण दादाकडे म्हापशाला ठरला, ह्या वेळी डोंबिवलीवाल्यांनाही विचारलं. परसात आंब्याखाली राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, जागा आहे, वर्षातून एकदा आम्ही नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो. ती लपवून ठेवावी असं एकजण म्हणाला, गिऱ्हाईक घाबरेल म्हणून. मी गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी तिथे नेऊन दाखवलं. ते पुण्याचे, त्यांना लगेच कळलं, म्हणाले आम्हीपण ठेवू नारळ. तरी वकिलांनी सांगितलं तोंडी ठेवू नका, म्हणून ती जागा तशीच राहील आणि आमच्यापैकी कोणी वर्षातून एक दिवस येऊ शकेल असं सेल डीडमध्येच लिहून घेतलं.

दुसऱ्या वेळी घर कसं तयार केलं ते थोडक्यात. एप्रिलमध्ये कौलं परतली, फुटकी काढून जुन्याच मंगळुरी कौलांनी शाकारलं, नवी लालभडक घातली नाहीत. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं, जुने लोक वाळवीसाठी तेच लावायचे. सिमेंटचं प्लास्टर जिथे सुटलं तिथे खरवडून परत चुना मारला, तोच म्हातारा मेस्त आला, एकदाही बोलून दाखवलं नाही. दारंखिडक्यांवरचा ऑइलपेंट काढल्यावर खाली फणसाचं लाकूड निघालं, इतकं सुंदर की पुन्हा रंगवलंच नाही. बांय उपसली आणि मे महिन्यात पाणी किती असतं ते गिऱ्हाइकाला दाखवलं. मागे नव्वद सालच्या आसपास बांधलेल्या संडास-न्हाणीची पंचायतीची परवानगी नव्हती, ते आधीच सांगितलं, कारण गिऱ्हाईक बँकेचं कर्ज घेणार असेल तर बँक नकाशा आणि जागेवरचं बांधकाम जुळवून बघते. बाकी काही केलं नाही. ह्या सगळ्याला पहिल्या वेळच्या खर्चाच्या निम्मेपण लागले नाहीत.

विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सचं पण आधीच विचारून ठेवा, आम्ही उशिरा विचारलं. घर फार जुनं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. २३ जुलै २०२४ पासून नियम बदललाय, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे जुनी किंमत वाढवून धरणं) न घेता साडेबारा टक्के, आणि त्याआधी मिळालेल्या घराला इथे राहणाऱ्यांसाठी इंडेक्सेशन घेऊन वीस टक्के हाही पर्याय आहे, जे कमी पडेल ते. पण गल्फमधल्या भावाला तो दुसरा पर्याय नाही, आणि त्याच्या हिश्शातून घेणाऱ्याने टीडीएसपण बराच जास्त कापायचा असतो, इथल्या माणसाला ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारावर एकच टक्का. कमी कापायचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढता येतो, त्याला वेळ लागतो.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत चालू झाला तेव्हापासून आमच्या भागात दलालांचे फोन थांबत नाहीत. आणि जिथे वारस लांब, नावावर मेलेली माणसं, कुलूप वर्षभर, तिथे दुसरीच भीती आहे, खोटे कागद करून जमिनी लाटल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की २०२२ साली सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली. म्हणजे विकायचं नसेल तरी नाव लावून ठेवणं गरजेचं आहे.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक, सरकारकडे. सगळे वारस एकाच वेळी गावात असतात ते चवथीच्या दिवसांत, मुंबईवाले, गल्फवाले, पुणेवाले सगळे. त्याच आठवड्यात विसर्जनानंतर दोन दिवस पंचायतीत मामलेदार कचेरीची माणसं बसवा, म्युटेशनचे अर्ज तिथेच घ्या, मुंडकारांचे अर्ज तिथेच घ्या. दुसरी आपल्याकडे. आपल्या पेपरात एखाद्या वकिलाकडून हे सगळं सोप्या मराठीत लिहून घ्या, एक-चौदा कसा वाचायचा, सक्सेशन डीड कधी आणि इन्व्हेंटरी कधी. आमच्या वाड्यावरच्या त्या चार घरांपैकी दोघांना मी माझी फाईल दाखवलीय, एकाने रंगाचं काम थांबवून आधी बेळगावच्या काकांना फोन लावला. तिसऱ्या घरात ब्याऐंशी वर्षांच्या काकी आहेत, त्यांनाच तेवढं माहीत आहे की पणजोबांना किती मुलं आणि कोण कुठे गेलं, त्यांच्या नातीला सांगून मी ते वहीत लिहून घ्यायला लावलंय.

फाईलची झेरॉक्स नावं खोडून ह्या पत्राबरोबर पाठवतेय, कोणा वाचकाला क्रम बघायचा असेल तर आपल्या कार्यालयात ठेवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
फोंडा (माहेर पेडणे)